शकुनबाईंना सगळे आठवतात

मांडवात अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा साफ केलेला, आणि ऐन त्या शांततेत पहिल्या रांगेतून शकुनबाईंचा आवाज: "या नवरदेवाले झोपाच्या वेळी माह्या पदराचं टोक तोंडात लागत होतं! पोरी, पदर सांभाळजो बरं!" हशानं मांडव कोसळायचाच काय तो बाकी. नवरदेव टोपीपर्यंत लाल. "बाई, मले तं काहीच आठवत नाई." "तुले कसं आठवन, बापू? मले आठवते ना."

शकुनबाई उईके आमच्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका. केळझरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. माझ्या वयापासून खालचं सगळं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. मी त्यांच्या अगदी पहिल्या मुलांपैकी. लिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगून त्या आम्हाला झोळीत बसवायच्या म्हणे. "बाकीचे रडत, हा लटकल्या लटकल्या भाषण द्याचा. अजून उतरला नाई!" मला यातलं काही आठवत नाही, पण माझी आजची तऱ्हा पाहता आरोप नाकारायची सोय नाही.

पहिलीच्या गुरुजींना माणसं म्हातारपणीही वाकून नमस्कार करतात. तीन वर्षांचा असताना नाक कोणी पुसलं, हे कोणाला आठवतं? शकुनबाईंचा नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत आणि त्याचंच बालपण त्याला ऐकवत. गोष्ट आपली म्हणून माणूस थांबायचा, हसायचा. आपल्याला आठवत नाही म्हणून लगेच निघायचा. ओट्यावर त्यांच्यापाशी टेकलेलं मी कोणालाच पाहिलं नाही.

मग सेलूच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन गावात येऊ लागली. अंगणवाडीत मुलं इतकी कमी उरली की वरून निरोप आला: मुलं वाढली नाहीत, तर ही अंगणवाडी बंद करून शेजारच्या गावच्या अंगणवाडीत मिसळायची. शकुनबाई सकाळी दारोदार फिरू लागल्या. दारात टाय लावलेलं पोरगं व्हॅनची वाट पाहत उभं. "काऊन वं, एवढ्याशा जिवाच्या गळ्यात हा फास कायले?" आया हसत, आणि पोराला व्हॅनमध्ये चढवत.

शेवटी ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. "तुमचे लेकरं माह्याकडं पाठवा. माही अंगणवाडी जाऊन राह्यली." आणि मग सुटल्याच. सरपंच लहानपणी माती खायचे. पाणीपुरवठ्याचा गणेश चड्डी घालायला तयार नसायचा. सभा पोट धरून हसत होती. मला वाटलं, जिंकली बाई! तेवढ्यात मागून प्रमोद उठला. शहाणा पोरगा, दोन लेकरांचा बाप. चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात. "काकू, तुमच्यापाशी मी काय शिकलो, मले एकही गोष्ट आठवत नाई. मंग लेकरू कायच्या भरवशावर पाठवू?"

"तेही खरंच हाय," शकुनबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. अंगणवाडी गेली.

शकुनबाईंना शेजारच्या गावच्या त्या अंगणवाडीत धाडलं; पहिल्या दिवशी मीच त्यांना स्कूटरवर नेलं. गाव दिसल्यावर म्हणाल्या, "इथल्या मोठ्या माणसांसंगं काय बोलू रे मी? त्यांच्या लहानपणी तं मी नव्हती."

आत अनोळखी मुलं एका कोपऱ्यात गोळा झालेली. एक पोरगं टक लावून त्यांच्याकडे बघत होतं. शकुनबाई चपला काढून उंबऱ्यात उभ्या, मी उगाच स्कूटरचा आरसा पुसत रेंगाळलेला. पोराला सोडायला आलेली आई दारात घुटमळली की त्या जशा तिला हाकलत, तशाच माझ्यावर खेकसल्या, "जाय आता! अन् मांगं पाहू नको, नाईतं रडणं सुरू होते."

कोणाचं, ते त्या बोलल्या नाहीत. मी मागे पाहिलं नाही.