केद्रेसीची डोली

केद्रेसीबाईने आमचं डोली-मंडळ बरिग्येला विकलं, अशी बोंब आमच्या टेकडीवर उठली होती. ती मीही दोन घरी पोचवली, नाकारत नाही. खरं एवढंच, की जुन्या डोलीचा तळ कुजला होता, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बरिग्येने नवी पाठवली आणि मंडळाची अध्यक्ष म्हणून केद्रेसीने ती ठेवून घेतली. डोलीच्या दोन्ही बाजूंना बरिग्येचं हसरं तोंड रंगवलेलं होतं, तेवढं तिने मनावर घेतलं नाही.

इथे गाडी चढत नाही. आजारी माणूस खाली दवाखान्यात जातो तो शेजाऱ्यांच्या खांद्यावरून. पण निवडणुकीने खांद्यांचेच दोन तट पडले. आणि केद्रेसीच्या सुनेचे दिवस भरत आलेले. बाईचं बूड एका जागी टेकेना. चुलीवर रताळी करपायची आणि ही कुणाच्या तरी दारात, "बोलता ना रे एकमेकांशी?"

परवा दुपारी सुनेला कळा लागल्या. शिंग फुंकलं. सगळे आले, पण दोन घोळक्यांत.

"या माणसाचं थोबाड मी खांद्यावर मिरवणार नाही," विरुद्ध तटाचा तुर्यातुंगा म्हणाला.

"नको मिरवू! आम्ही नेतो," बरिग्येकडचे गुरगुरले. पण ते होते पाच जण. एवढ्या उतारावर खांदे बदलायला माणसं कुठून आणणार?

आत सून ओरडली. केद्रेसीने अंगावरची शाल ओढली, फाडून दोन तुकडे केले, डोलीवरच्या दोन्ही तोंडांवर करकचून बांधले.

"तुर्यातुंगा, तुझ्या बापाला खाली नेलं तेव्हा पुढचा दांडा माझ्या नवऱ्याने धरला होता. तेव्हा त्याने विचारलं होतं का, म्हातारा मत कुणाला देतो?"

तुर्यातुंगा तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि पुढच्या दांड्याखाली शिरला. मग बाकीचेही. मी मागे आंबिलीने भरलेला पोकळ भोपळा घेऊन धावत होतो. माझ्या खांद्यावर कुणाचा भरवसा नाही.

खाली रस्त्याला लागलो तर बरिग्येची गाडी आडवी. तो उतरून डोलीकडे बघतच राहिला.

"काकू, माझं चित्र का झाकलं? डोली कुणी दिली ते कळू दे की लोकांना!"

डोली थांबली नाही. केद्रेसी चालता चालता म्हणाली, "आज आम्हाला एकच तोंड बघायची घाई आहे, बाबा, आणि ते तुझं नाही. गाडी काढ."