ग्रीक डोकं आणि दह्याचं भांडं

आता काय लपवायचं तुमच्यापासून! हा किस्सा मी नाही सांगितला तर आई सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगेल.

तर मी पीएचडी करतोय. विषय: प्राचीन ग्रीक कांस्यपुतळ्यांतलं धातूंचं प्रमाण. हसू नका! ग्रीस मी फक्त नकाशात पाहिलंय. म्हणून आमच्या गाइड मॅडमनी तांब्यात थोडं कथील घालून, जुन्या पद्धतीनं, वाळूजच्या एका कारखान्यात एक पोकळ डोकं ओतून घेतलं. अर्धंच, चेहऱ्याकडचं. चेहरा खाली करून ठेवलं की चक्क वाडगा. ते तपासायचं, शेवटचं प्रकरण लिहायचं, की मॅडमची सही. सात वर्षं झुरतोय हो मी त्या सहीसाठी!

एका रविवारी मित्रांपुढे मिरवायला ते घरी आणलं आणि ओट्यावरच विसरलो. मंगळवारी परत नेलं.

लॅबमध्ये क्ष-किरणांचं यंत्र बाहेरून लावलं. तांबं भरपूर, कथील थोडं. ठरल्याप्रमाणे. पण माझ्यातला शास्त्रज्ञ गप्प बसतोय का? म्हटलं, बाहेरून शंभर जणांचे हात लागलेत, खरं काय ते आतच कळणार. वाकून बघतो तर आतून चांदीसारखं लख्ख! यंत्र लावलं. कथील! जवळजवळ नुसतं कथीलच!

"मॅडम!" मी ओरडलोच. "ओतताना कथील आतल्या बाजूला सरकतं! ग्रीकांचं गुपित सापडलं!"

मॅडमनी तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा कथील. "अहो, हे परदेशातल्या परिषदेत वाचायला हवं," म्हणाल्या. सही उद्याच करते, असंही म्हणाल्या! संध्याकाळी पेढे आणि ते डोकं घेऊन त्या थेट आमच्या घरी.

"आई, तुमच्या मुलानं शोध लावलाय. ह्याच्यात आतून कथील निघालं."

आईचा पेढा हातातच राहिला.

"निघालं म्हंजी? म्याच लावून घेतलंय की ते!"

"काय?" मी.

"सोमवारी खुलताबादचे कल्हईवाले चाचा आले व्हते. पातेल्यांसंगं ह्येबी दिलं. तू ओट्यावर टाकून गेलास, मला वाटलं दह्याला आणलंय. बिगर कल्हईच्या भांड्यात दही कळकून हिरवं व्हत नाय व्हय?"

"अगं, त्याला नाक आहे! डोळे आहेत!"

"आसू दे की. आतून वाडगाच हाय ना? चाचा तर म्हनले, 'अम्मा, डिझाइन लई भारी है!'"

लहानपणापासून कल्हईच्या पातेल्यातलं दूध पीत आलोय मी. तरी ती ओळखता आली नाही! जमीन दुभंगली असती तर मी आधी उडी मारली असती.

मॅडमनी पेढ्यांचा पुडा हळूच मिटला.

"मॅडम... सही?"

"आधी दुसरा नमुना ओतू," त्या म्हणाल्या. "हा राहू द्या आईंकडे."

त्यात आता रोज दही लागतं. बघा, यंत्र बरोबर होतं. आईचंही बरोबर होतं, चाचांची कल्हई तर एक नंबर. अख्ख्या संशोधनात चूक एकच होती, आणि यंत्र त्या चुकीच्याच हातात होतं.