तीन पॉइंट आठ

नगरला सावेडीतल्या एका खोलीत ज्योती सर्वेक्षणांची आकडेमोड करून देते. आप्पासाहेब सरांचा फोन आला की ती तो लगेच उचलत नाही. सर एका संस्थेचे प्रमुख, माणूस सज्जन, पण प्रश्न ठरलेला, "ज्योती, सरासरी किती?"

दोन वर्षांपूर्वी तिने ती मुकाट काढून दिली होती. ऊसतोडीला जाणारे आईबाप पोरांना जिथे मागे ठेवून जातात, अशा सहा वसतिगृहांचं सर्वेक्षण होतं. 'इथे मूल सुरक्षित आहे' हे वाक्य आयांना वाचून दाखवायचं. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. हे आकडे नुसत्या पायऱ्या, फूटपट्टीवरचे इंच नव्हेत. त्यांची बेरीज करून भागायचं नसतं, कुठल्या वसतिगृहात कोणतं उत्तर किती जणींनी दिलं ते मोजायचं असतं. ज्योतीला हे पक्कं ठाऊक होतं. पण सरांना एका ओळीत हवं होतं. तीन पॉइंट आठ. म्हणजे पालक समाधानी! पाच वसतिगृहांच्या चार-पाचांखाली सहाव्याचे सगळे एक गाडले गेले.

त्यातला एक रंगुबाईचा. "टाकीला झाकण न्हाई, ताई," ज्योती फॉर्म भरून घेत असताना ती म्हणाली होती. मार्गशीर्षात तिची राजनंदिनी त्याच टाकीत बुडाली. रंगुबाई उसाच्या फडातून आली, आणि ज्योतीला तिने एवढंच विचारलं, "तुमी माझा एक लिव्हला हुता ना?"

"हो," ज्योती म्हणाली. ते खरं होतं. तेच तिला अजून छळतं. कॉम्प्युटर लावला की रकान्यातून ती बाई पुन्हा पुन्हा तेच विचारते.

यंदाच्या सर्वेक्षणात तिने सरांना ठणकावून सांगितलं, सरासरी मिळणार नाही. वसतिगृहागणिक उत्तरं मोजली, ती चढत्या क्रमाने लावून मधलं उत्तर काढलं. सगळीकडे चार. तिला हायसं वाटलं. आणि मग फॉर्म पुन्हा चाळताना एकशे सतराव्या फॉर्मवर तिला एकचा आकडा दिसला. एकटाच. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अहवालात तो कुणाच्या नजरेत भरला नसता.

फॉर्मवरचा नंबर तिने लगेच लावला. पलीकडे उसावर कोयते पडत होते.

"आक्काबाई, मी नगरहून ज्योती बोलतेय. फॉर्मवर तुम्ही एक सांगितला होता. का?"

कोयत्यांचा आवाज लांब गेला, बाई फडाच्या कडेला आली असावी. मग हळूच म्हणाली, "वाचलं व्हय कुनी ते?"