सतीशच्या फोनमधली मी

स्पिरिटच्या वासात मोगरा मिसळला की काय होते, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. डॉक्टरबाईंच्या मागे उभ्या असलेल्या सुमा सिस्टरच्या वेणीत ताजा गजरा होता. एक वास थंड आणि धारदार, दुसरा ओलसर, गोड. देवघरात कोणी सुई तयार ठेवावी, तसे काहीसे वाटले.

त्या वासातच डॉक्टरबाई म्हणाल्या, "बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. कार्सिनोमा आहे."

बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी. कार्सिनोमा म्हणजे कर्करोग. गाठ माझ्या डाव्या स्तनात होती. डॉक्टरबाई मात्र सतीशकडे, माझ्या नवऱ्याकडे पाहून बोलत होत्या. मीही त्याच्याकडेच पाहत होते. जणू बातमी त्याची होती आणि मी सोबतीला आले होते.

मग उपचारांच्या नोंदणीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "हेळी, सर." हेळी म्हणजे कन्नडमध्ये सांगा. या शहरात रिक्षावाला, वाणी, बँकेतला कारकून, सारे याच शब्दाने बोलण्याचे दार उघडतात. त्याने मोबाइल नंबर विचारला आणि सतीशने स्वतःचा सांगितला. गॅसपासून विम्यापर्यंत आमच्या घरात सगळीकडे त्याचाच नंबर आहे. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता. तो पुढे करावा, हे मला सुचलेही नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या अशा खिडकीसमोर उभी राहिलीच, तर एवढे ऐका. नंबर स्वतःचा द्या. का, ते सांगते.

केमोथेरपी सुरू झाली. पेशी मारणारे औषध शिरेतून थेंब थेंब देतात. ते वाईट पेशींसोबत चांगल्याही मारते. दोन केमोंच्या मधले दिवस घरीच काढायचे असतात आणि धोका त्याच दिवसांत असतो. म्हणून हॉस्पिटलने व्हॉट्सअ‍ॅपवर एक सोय केली होती. रोज सकाळी प्रश्न येत: ताप आहे का? तोंड आले आहे का? उलट्या, जुलाब, धाप? 'हो' किंवा 'नाही' एवढेच लिहायचे. पलीकडे सुमा सिस्टर ती उत्तरे वाचत. एखादा 'हो' दिसला की त्या लगेच फोन करत.

प्रश्न सतीशच्या फोनवर येत. तेव्हा तो बनशंकरीच्या आमच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला निघालेल्या ऑफिसच्या कॅबमध्ये असे. सुरुवातीला तो मला फोन करून एकेक प्रश्न विचारायचा. पुढे मी झोपलेली असेन, उगाच उठवायला नको, म्हणून तोच उत्तरे देऊ लागला. सकाळी निघताना त्याने माझा चेहरा पाहिलेला असे. तेवढे त्याला पुरेसे वाटे. यात प्रेमच होते, हे मी आजही म्हणेन.

एका संध्याकाळी त्याने कौतुकाने फोन दाखवला. 'नाही, नाही, नाही.' खाली निळ्या खुणा, आणि सिस्टरनी पाठवलेले फूल.

"बघ, तुझा रिपोर्ट एकदम क्लीन आहे," तो म्हणाला.

माझ्या तोंडात तेव्हा पाणीसुद्धा झोंबत होते. जिभेवर रात्रंदिवस लोखंडाची चव होती. मी त्या पडद्याकडे पाहत राहिले. तिथे माझ्या नावाची एक बाई राहत होती. तिचे तोंड आले नव्हते, तिला घास जात होता. हॉस्पिटल तिची काळजी घेत होते. मी हसले आणि फोन परत दिला. पण त्या दिवसापासून सकाळी कुठल्याही घरातून मेसेजचा आवाज आला, की माझी जीभ तोंडातल्या फोडांवरून फिरायची.

तिसऱ्या केमोनंतर आठवड्याभराने, भर दुपारी, पंख्याचा वारा अंगाला टोचू लागला. आधी हाताचे तळवे थंड पडले, मग दातांवर दात आपटू लागले. सतीशची थोरली बहीण, अक्का, माझ्यासाठी निपाणीहून येऊन राहिली होती. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कसर हाय गं थोडी. ताप ताप म्हणू नये, वाढतोय त्यो. स्वल्प पेज खा, गोळी घे, पड गप."

थर्मामीटरचा पारा शंभराच्या बराच पुढे गेला होता. गोळीने ताप झाकला जातो, विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे डॉक्टरबाईंनी बजावले होते. सतीशचा फोन लागेना, मीटिंग असावी. मेसेज पाठवला, तर त्यावर एकच करडी खूण उमटली आणि तिथेच थांबली.

फाइलच्या मागच्या पानावर हॉस्पिटलचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर छापलेला सापडला. मी लिहिले, 'मला ताप आहे.' क्षणात उत्तर आले: 'हा नंबर नोंदणीकृत नाही.'

शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. तो आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. मी एकाच वेळी दोन ठिकाणी होते. तिकडे, सतीशच्या फोनमध्ये, मी बरी होते. इकडे मी नव्हतेच.

"अक्का, हा ताप आहे," मी म्हणाले. "मोठ्याने म्हण."

तिने तोंडाला पदर लावला. मग त्याच नंबरावर बोलून निरोप पाठवताना माझे बोट सुटते आहे, हे पाहून तिनेच आपल्या अंगठ्याने आवाज नोंदवायचे बटण दाबून धरले. मी कन्नड, हिंदी, मराठी, हाताला लागेल त्या भाषेत बोलले. "मी मेधा. पेशंट मीच. ज्वर इदे. सकाळचं उत्तर माझं नव्हतं." माझा श्वास संपला तेव्हा अक्का फोनच्या तोंडाशी वाकून ओरडली, "ताप हाय हो बाई, लई ताप हाय!"

थोड्या वेळाने, तो आवाज ऐकून, सुमा सिस्टरचा फोन आला. ताप किती, एवढेच त्यांनी विचारले. "गोळी नको. आंघोळ नको. लगेच निघा, मी खाली उभी राहते."

रिक्षात अक्काने मला सगळ्या वाटेने धरून ठेवले होते. दारातच सिस्टर भेटल्या. मोगऱ्याच्या वासाने मला उमळून आले, तरी मी त्यांचा हात सोडला नाही.

याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात. रक्तातल्या राखणदार पांढऱ्या पेशी संपत आलेल्या असतात आणि तेवढ्यात ताप येतो. साधा जंतूही मग जीव घेऊ शकतो. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर आपण आयसीयूत भेटलो असतो." या वेळी त्या माझ्याकडे पाहून बोलल्या.

सतीश आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता. सकाळचा 'नाही' त्याने मला दाखवला नाही. पण तो पुन्हा पुन्हा तोच पाहत होता, हे मला दिसत होते.

"माझ्याशी भांड तरी," तो म्हणाला.

"बरी झाले की भांडेन. आधी नंबर बदलून ये."

तो लगेच खाली गेला.

आता प्रश्न माझ्या फोनवर येतात. मी आरशासमोर तोंड उघडते, अंगावरून हात फिरवते आणि मगच लिहिते. कधी तीन 'हो', कधी एकही नाही. अक्का अजून सकाळी ताप हा शब्द उच्चारत नाही. थर्मामीटर मात्र तीच आणून देते.

केमो संपल्या आहेत. स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे.

आज आंघोळ करताना डाव्या काखेत बोटांना तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी लागले. परवा ते नव्हते. मी पाणी बंद केले. नळातून पडणारा शेवटचा थेंबही ऐकू आला. बाहेर आल्यावर अक्का माझा चेहरा पाहून म्हणाली, "आज अमावास्या हाय गं. उद्या सांग." सतीश बूट घालता घालता थांबला. त्याने खिशातला फोन काढला नाही. टेबलावरचा माझा फोन उचलून त्याने माझ्या हातात दिला.

काखेबद्दल मेसेजमध्ये प्रश्न नाही. 'हो'–'नाही'त ते मावणारही नव्हते. मी सरळ सुमा सिस्टरना फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून वॉर्डाचा गलबला ऐकू आला, ट्रॉलीची चाके, कोणाचा तरी खोकला. आणि फोनमधून वास येत नसतो हे ठाऊक असूनही मला मोगरा आला.

"सिस्टर, मी मेधा."

गलबला मागे पडला. त्या बाजूला झाल्या असाव्यात.

"हेळी."