इटलीतला तिसरा दिवस

परक्या देशात पाऊल ठेवायला तिथल्या सरकारची परवानगी लागते, हे सगळ्या जगाला पटलेलं असताना एकट्या आमच्या चुलत सासऱ्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ते माझ्या बायकोचे सख्खे चुलते. उंब्रजपासून थोडं आत, नदीकाठी त्यांचं गाव. थोडा ऊस, दोन बैल, एक म्हैस आणि फौजेतून घरी आणलेला हवालदाराचा आवाज एवढी त्यांची इस्टेट. गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणायचो. ते मला, तिकडे सगळ्या जावयांना म्हणतात तसं, पाव्हणं म्हणायचे. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत हिशेब तपासण्याचं काम करत होतो, त्यामुळे कुठलाही अर्ज आणि कुठलाही दाखला मला कळतो अशी सासरवाडीची ठाम समजूत होती. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ही वर्षं. इटलीला जायला आधी पासपोर्ट लागतो आणि मग मुंबईला त्यांच्या वकिलातीत जाऊन व्हिसा घ्यावा लागतो, हे मी नानांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते उसाला पाणी देत होते. खोरं बांधावर टेकवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तो नियम केला होता. म्हणाले, "मागच्या येळंला गेलो तवा कुणी इचारलं न्हाई, पाव्हणं. उलट न्हाई गेला तर कोठडीत घालू म्हणालं. आन् आता जातो म्हणतोय, तर कागद दाखवा?"

मागची वेळ म्हणजे महायुद्ध. त्या युद्धात नाना इटलीत लढले होते आणि परत येताना तिथली पाच-सहा वाक्यं घेऊन आले होते. ती बोलायला गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते ती जनावरांशी बोलत. बैलांना निघायचा हुकूम 'अवांती', थांबायचा 'बास्ता'. म्हशीची धार काढताना ते तिच्या पाठीवरून हात फिरवत 'पियानो, पियानो' म्हणजे 'हळू, हळू' असं म्हणत, आणि खरोखरच त्याशिवाय ती म्हैस पान्हा सोडत नसे. नाना चार दिवस बाहेरगावी गेले, तर आमच्या चुलत सासूबाईंना डोक्यावरचा पदर सावरून, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून, इटालियन बोलावं लागे. "म्हशीला त्येंचं सगळं कळतं," त्या म्हणायच्या, "मलाच मेलं कवा कळलं न्हाई." एकदा कराडच्या बाजारात नानांनी एक बैल विकला. घेणारा बैल घेऊन अर्धा फर्लांग गेला नसेल, तोच नाना धावत त्याच्या मागे गेले आणि भर बाजारात त्याला तीन वेळा 'अवांती' म्हणायला लावून, उच्चार नीट झाल्यावर परत आले. शेतात जातानाही त्यांच्या पायतणांना पॉलिश असे. बांधावर उभं राहून ते उसाच्या सऱ्यांकडे डोळा बारीक करून बघत. एखादी सरी वाकडी दिसली, तर तिला रांगेतल्या जवानासारखं आईवरून बोलत, मग सासूबाई दिसल्या की चूप होत.

हा माणूस गंमतीचा आहे असंच मी लग्नानंतर बरीच वर्षं समजत होतो. एका भाद्रपदात त्यांच्याकडे पितरांच्या म्हाळाला जेवायला गेलो तेव्हा पहिल्यांदा काहीतरी निराळं दिसलं. नाना पितरांची नावं घेऊन एकेक पान मांडत होते. आजा, आजी, आई, बाप. एका चुलत्याचंही पान होतं, ज्याच्याशी त्यांचं जन्मभर पटलं नव्हतं. मी हिशेबाचा माणूस, मनातल्या मनात पानं मोजली. म्हटलं, "नाना, धाकट्या काकांचं पान राहिलं." त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबरच पलटणीत होता आणि इटलीत मारला गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. नाना शांतपणे म्हणाले, "धाकल्याचं न्हाई घालायचं अजून. त्येचा तिसरा दिस व्हायचाय."

तिसऱ्या दिवशी आपल्याकडे सावडायला जातात. चितेची राख आणि अस्थी गोळा करून वाहत्या पाण्यात सोडायच्या आणि मगच पुढचं सगळं. धाकट्याला नानांनी स्वतःच्या हातांनी अग्नी दिला होता, एका नदीच्या काठी, कसल्याशा तेलकट झाडाचं लाकूड रचून. दुसऱ्या दिवशी पहाटे पलटणीला पुढे सरकायचा हुकूम झाला. नाना साहेबापुढे उभे राहिले, म्हणाले, एक दिवस द्या. साहेब म्हणाला, लढाई तुझ्या भावासाठी थांबणार नाही. "त्येचं बी खरंच हुतं," नाना मला म्हणाले, "त्येचं बी लय गडी गेलं हुतं." आगगाडी चुकावी तसा तो तिसरा दिवस चुकला आणि नानांच्या लेखी तिथंच उभा राहिला. धाकटा ना घरातला ना पितरांतला. तीस वर्षं होऊन गेली तरी तो त्या परक्या काठावर राखेत आपली वाट बघत बसलाय, असं नाना धरून चालले होते. लेकी नांदायला गेल्या, जमिनीची वाटणी झाली, आणि मग एके दिवशी ते साताऱ्याला माझ्या घरी आले. पायऱ्यांवर पायतणं जोडीनं लावून म्हणाले, "पाव्हणं, मला येकदा इटलीला जायाचंय. सावडून येतो."

पुढची दोन वर्षं मी त्या एका वाक्यामागे चाललो. सांगलीत परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करून देणारा एक एजंट होता, त्याच्याकडून काय काय लागतं ते समजून घेतलं. पासपोर्ट, त्यासाठी मोठ्या अधिकाऱ्याने दिलेला ओळखीचा दाखला, पोलिसांची चौकशी, परकी चलनाची परवानगी, देवीची आणि पटकीची लस टोचल्याचं पुस्तक, परतीचं तिकीट, तिथं राहणार कुठं त्याचा पत्ता. पत्त्याचं ऐकून नाना म्हणाले, "नदीचा लिवा." फोटोसाठी ते कराडला गेले ते छातीवर पदकं लावून. फोटोवाला म्हणाला, नाना, फकस्त तोंड येतंय यात. नाना म्हणाले, "तू तोंडच काढ. पदकं लावली की तोंड निराळं व्हतं." आणि ते खरं होतं. तसा करारी फोटो मी दुसऱ्या कुणाच्या पासपोर्टात पाहिलेला नाही. चौकशीला आलेल्या पोलिसाच्या खिशाचं बटण उघडं होतं. नानांनी आधी ते लावायला लावलं, मग चहा पाजला. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चौकशी त्येची झाली का तुमची, कायबी कळलं न्हाई." लस घ्यायला ते सिव्हिल हॉस्पिटलात गेले, आणि तिथली गर्दी पाहून त्यांना राहवेना. त्यांनी सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं आणि स्वतः शेवटी उभे राहिले.

अर्जात एक रकाना होता : प्रवासाचं कारण. सांगलीचा एजंट म्हणाला, डोळे झाकून पर्यटन लिहा, सगळे तेच लिहितात. मी लेखणी उघडली. नाना म्हणाले, "पर्यटन म्हंजी?" म्हटलं, फिरायला. ते उठूनच उभे राहिले. "माजा भाऊ थितं जळला, आन् म्या लिवून देऊ फिराया आलो म्हणून? खरं लिवा." मग मी खरं लिहिलं : भावाच्या अस्थी सावडण्यासाठी. इंग्रजीत त्याचं जमेल तेवढं भाषांतर केलं.

मुंबईला वकिलातीत खिडकीमागे एक मराठी बाई होत्या. त्यांनी तो रकाना वाचला, पुन्हा वाचला आणि आम्हांला बाजूच्या खोलीत बसवलं. आवाज मऊ होता. म्हणाल्या, "आजोबा, हे लिहिल्यावर कागद निराळ्या रस्त्याला लागतो. माणसाच्या अस्थी त्या देशात गोळा करायच्या म्हणजे मृत्यूचा दाखला हवा, तिथल्या गावाची परवानगी हवी, अस्थी नक्की कुठं आहेत याचा फौजेकडून कागद हवा. आणि तुम्ही सख्खे भाऊ असल्याचा पुरावा." मी अभिमानाने दोघांचेही फौजेतले जुने कागद पुढे केले. बाईंनी ते शेजारी-शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. "यात तुम्हा दोघांच्या जन्मात चार महिन्यांचं अंतर आहे."

इतक्या वेळा मी ते कागद हाताळले होते, पण तारखांची वजाबाकी केली नव्हती. खरं अंतर तीन वर्षांचं. भरती आली तेव्हा दोघांचीही वयं बसत नव्हती. नानांनी आपलं वाढवून सांगितलं, धाकट्याने मागून जाऊन त्याहून जास्त वाढवलं. नाना अजिबात गडबडले नाहीत. "भरतीच्या सायबाच्या बी ध्यानात आलं हुतं त्ये," ते म्हणाले. "त्यो म्हणाला, तुमची आई लय घाईची दिसतीया." बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "हे सरपंचांच्या दाखल्यावर निभेल. पण अस्थी कुठं आहेत तो कागद आणा. आणि आजोबा, नुसतं त्या जवानांचं स्मारक बघायला जातो म्हणालात, तर यातलं काहीच लागत नाही. व्हिसा मिळून जाईल." नाना उभे राहिले, पाय जुळवून त्यांना सलाम केला आणि म्हणाले, "बाई, कागद आणतो."

फौजेच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला मी लिहिलं. उत्तर यायला वर्ष लागलं. त्या वर्षात नानांनी अस्थी बांधायला एक नवं धडोतं घेतलं आणि तीळ निवडून ठेवले. नदीकाठची राख कशी उचलायची, कुठल्या हाताने, हे त्यांनी भटजींना इतक्या वेळा विचारलं, की भटजी त्यांना बघून वाट बदलू लागले. उत्तर आलं ते माझ्या पत्त्यावर. मी एस.टी.ने उंब्रजला उतरलो, तिथून चालत गेलो. नाना ओट्यावर दोर वळत होते. सासूबाई दारात येऊन बसल्या. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. मृतदेहाचं धर्माप्रमाणे दहन झालं. पलटण पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या तुकडीतल्या एका जवानाने तिसऱ्या दिवशी राख आणि अस्थी गोळा केल्या आणि जवळच्या नदीत सोडल्या. अवशेष शिल्लक नाहीत. नाव स्मारकावर कोरलं आहे.

नानांच्या हातातला दोर थांबला. "तिसऱ्या दिसाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कोण व्हता?"

"नाव लिहिलेलं नाही, नाना."

"आपल्यातला? का शीख? का मदराशी?"

"तेही नाही. नुसतं एक जवान."

ते समोरच्या रस्त्याकडे बघू लागले. रस्त्यावरून उसाची गाडी गेली, तिचे बैल दिसेनासे झाले, तरी ते तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी त्यो कवाच गेला, पाव्हणं. थांबलेला मीच."

सासूबाईंनी पदर तोंडात धरला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, की आता सगळं सोपं झालं, अस्थींचा प्रश्नच उरला नाही, त्या बाई म्हणाल्या तसं स्मारक बघायला म्हणून लिहू, महिन्याभरात व्हिसा हातात येईल. माझी बेरीज बरोबर होती. दोन वर्षं जे दार उघडत नव्हतं ते त्या कागदाने सताड उघडलं होतं. नाना माझ्याकडे वळले. आवाजात हवालदार नव्हता. "जाऊन काय करू? ज्येनं माज्या भावाचं केलं, त्यो काय थितं बसला न्हाई." त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला, पण पीळ काही बसेना.

इटलीला ते गेले नाहीत. पासपोर्ट तसाच कोरा राहिला. त्या भाद्रपदात धाकट्याचं पान आईबापांच्या शेजारी मांडलं गेलं, आणि नाना तेव्हा मोठ्याने रडले, जसं माणूस पहिल्या दिवशी रडतं. रडणं आवरल्यावर त्यांनी आणखी एक पान मागितलं. ते पितरांच्या ओळीत नव्हे, आम्हा जेवणाऱ्यांच्या पंगतीत मांडलं. सासूबाईंनी विचारलं, "ह्ये आणि कुणाचं?" नाना म्हणाले, "त्या जवानाचं." त्या म्हणाल्या, "आवं, त्यो मेला का जिता त्येचा पत्ता न्हाई." नाना म्हणाले, "म्हणूनच हिकडं मांडलंय. जिता आसंल तर जेवंल." मग ते वाटेवर जाऊन उभे राहिले आणि पहिला जो परका माणूस दिसला, वडूजकडचा एक मेंढपाळ, त्याला हाताला धरून आणून त्या पानावर बसवलं. तो बिचारा घाबरत जेवला. नाना त्याच्या समोर बसून स्वतः वाढत होते आणि त्याच्याकडे असं निरखून बघत होते, की त्याला घास गिळवत नव्हता.

नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं सावडायला आम्ही सगळे होतो. म्हाळ सासूबाई अजून घालतात आणि ते पान पंगतीत अजून मांडतात. कधी कंडक्टर मिळतो, कधी कासारीण, कधी रस्त्याच्या कामावरचा कानडी मजूर. एका वर्षी दुपार टळली तरी वाटेला कुणी फिरकलं नाही, पानावरचा भात गार व्हायला लागला. मी सासूबाईंना म्हणालो, मामी, मी बसू का? त्यांनी मला हाताने अडवलं. "नगं, पाव्हणं, तुमी घरचं. ती जागा लांबनं येणाऱ्याची हाय," म्हणाल्या आणि डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघत दारात उभ्या राहिल्या.