बोल्टांवरचं नख

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपात बोल्ट तपासणारे एक गृहस्थ होते. बोल्टाच्या आट्यांवरून ते डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवत. नख असं, की माशी बसून उडाली तरी तिचा कुठला पाय जड होता ते सांगेल. माल चांगला असला तर "हाय", नसला तर "न्हाई". लग्नातलं जेवण कसं होतं विचारलं, तरी उत्तर तेवढंच.

युरोपातल्या आणि आफ्रिकेतल्या देशांच्या गटांनी मिळून तिकडे पवनचक्क्या उभारायचं ठरवलं आणि बोल्टांचं काम आमच्याकडे आलं. दोन्हीकडचे पाहुणे माल बघायला आले. मालकांचं हसू पार चाकणपर्यंत पोचलेलं. फक्त सही व्हायची होती. तेवढ्यात ह्या गृहस्थांनी पेटीतल्या एका बोल्टावर नख फिरवलं आणि म्हणाले, "न्हाई."

मालक त्यांच्या कानाशी लागले. "अहो, काल तुम्हीच पास केलाय हा. ऑर्डर गेली तर पन्नास घरं बसतील."

"व्हय, मीच केला. काल अंगठ्याला पट्टी व्हती, तरी केला. चूक माजी हाय. पर चक्कीखाली बी कुणाची तरी घरं असत्याल."

सही राहिली. पाहुण्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. सगळ्या पेट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा सतरा बोल्ट खराब निघाले. त्या पंधरा दिवसांत ह्या गृहस्थांशी कोणी धड बोललं नाही, मीसुद्धा नाही.

अखेर सही झाली, तेव्हा आम्ही मालकांना पेढे भरवले. नखवाले गृहस्थ मशीनमागे एकटेच डबा खात होते. पेढा घेऊन त्यांच्यापर्यंत जायचं तोंड मला नव्हतं.