संपर्कासाठीचा नंबर

आमच्या कॅरम क्लबची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली, कारण क्लबात बाई मी एकटी आणि रोज कॉम्प्युटरसमोर बसणारीही मीच. बाकी सगळे वाशीच्या मार्केटातले, मूळचे साताऱ्याकडचे. सोसायटीने तळमजल्यावरची खोली आम्हाला वापरायला दिली आहे. यंदा त्यांनी कळवलं, दिवाळीपर्यंत नवी माणसं दिसली नाहीत तर खोली योगा क्लासला देऊ. त्यांचं चूक नव्हतं. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले आणि खेळणारे आम्ही पाच. पण ऑफिस सुटल्यावर मला जायला दुसरी जागा नाही.

साइट उघडली. पहिल्याच पानावर हार घातलेला फोटो. आमचे सेक्रेटरी चैत्रात गेले, त्यांचा. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली चौकातल्या फ्लेक्सवर असतात तसे कमिटीचे गोल चौकटीतले चेहरे. पत्ता नाही. वेळ: ‘नेहमीची’. संपर्काला नंबर सेक्रेटरींचाच.

आमचे अध्यक्ष कांद्याचे व्यापारी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना विचारलं, “अण्णा, हे बघून नवा माणूस येईल का?”

“आपल्याला समदे वळखत्यात.”

“ओळखणारे येतातच. न ओळखणाऱ्यांचं काय?”

पत्ता, वेळ आणि ‘नवशिक्यांनीही यावं’ एवढं टाकायची परवानगी मिळाली, पण श्रद्धांजलीच्या खाली. फोटो आणि नंबर यांना हात लावायचा नाही.

“वर्षश्राद्ध होऊ द्या. आत्ताच त्यांच्या जागी दुसऱ्याचा नंबर लावला तर घरची काय म्हनतील?”

“तोवर खोली राहील का?”

“ताई, तुमाला लई घाई.”

घरच्यांनाच विचारावं म्हणून मी सेक्रेटरींच्या बायकोकडे गेले. सेक्रेटरींचा मोबाइल अजून फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता.

“येतात ना फोन,” वहिनी म्हणाल्या. “कळंबोलीची एक बाई विचारत होती, मला शिकायचंय म्हणून. मी सांगितलं, ते गेले. ‘सॉरी’ म्हणाली आणि ठेवला.”

“क्लब चालू आहे एवढं तरी सांगायचं.”

“कुठे, किती वाजता, मला काय ठाऊक? मी कधी बघितलाय तुमचा क्लब?”

नंबर काढू का, असं विचारलं. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “त्यांच्यासाठी वाजतो तेवढाच.”

म्हटलं, मग उद्या येऊन बघून जा, म्हणजे लोकांना नीट सांगता येईल.

आल्या. दारात दिसल्या मात्र, चौघेही खेळ टाकून उठले. अण्णांनी हात जोडले, एकाने पंखा त्यांच्याकडे वळवला, एक पाणी आणायला धावला.

“खेळा की तुम्ही,” वहिनी म्हणाल्या.

कोणी बसेना. मी एकटीने स्ट्रायकर उचलला, तर अण्णांनी डोळे वटारले. वहिनी पाणी प्यायल्या, त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

“हे तर सांगायचे, क्लबात नुसता दंगा असतो.” आणि गेल्या.

नंतर मी त्यांच्याकडे असतानाच दिघ्याहून कुणाचा तरी फोन आला. वहिनींनी पत्ता, वेळ बिनचूक सांगितली. शेवटी म्हणाल्या, “माणसं चांगली आहेत. दारात थांबू नका, सरळ जाऊन बोर्डाला बसा.” याहून चांगलं मला साइटवर लिहिता आलं नसतं. तो माणूस अजून आलेला नाही.

दुकानांत आकाशकंदील लागले आहेत. काल संध्याकाळी दारात एक अनोळखी बाई उभी दिसली, मी खूश झाले. मग तिच्यामागून सोसायटीचे चेअरमन आले. योगावाल्या बाई खोली बघायला आल्या होत्या. आमचे चौघे उठले. पंखा त्यांच्याकडे वळला, अण्णांनी पाणी मागवलं.

मीही उठले. बसून तरी काय करणार होते?